डेल्मरचे सहा पट्टे

काल्डर वेल्समध्ये मोटारसायकल चालवणारे शंभर होते. ती पिकअपच्या हौद्यात नीट बांधणारा एकच होता, डेल्मर हॅस्क्यू, आणि त्याची आम्ही तीस वर्षं टिंगल केली.

टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. माझं टायरचं दुकान गावाच्या चौकात आहे. सकाळी सहाला मी कॉफी चढवतो आणि साडेसहाला गावातला प्रत्येक रिकामटेकडा तिथे हजर होतो. नेवाडाच्या ह्या भागात वाळवंट सोडून काही नाही आणि वाळवंटात शर्यतींशिवाय दुसरा उद्योग नाही. शर्यतीची गाडी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही, ती पिकअपमध्ये घालून न्यावी लागते. त्यासाठी बाकीचे काय करायचे? फळी लावायची, गाडीवर बसून आवाज करत थेट वर चढवायची, दोन पट्टे ताणायचे, स्टँड लावायचा आणि सुटायचं. निम्म्यांच्या गाड्या वाटेत आडव्या व्हायच्या. दोघांची तर फळीच निसटली आणि ते गाडीसकट उताणे पडले. त्यांना आम्ही एक दिवस हसलो आणि विसरलो. डेल्मरला मात्र रोज हसायचो, कारण त्याने बांधलेली गाडी कधीच पडायची नाही.

तो आधी पिकअपची मागची चाकं रस्त्याकडेच्या खळग्यात उतरवायचा, म्हणजे फळीला चढ कमी राहतो. फळी पिकअपला साखळीने अडकवायचा. मग गाडीवर न बसता, तिच्या डाव्या अंगाने चालत, पहिल्या गिअरमध्ये, क्लच बोटांवर तोलत तिला वर न्यायचा. त्याचा उजवा गुडघा वाकत नसे, त्यामुळे फळीवर तो पाय तिरका टाकत चढायचा. वर गेल्यावर पुढचं चाक हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवायचं आणि स्टँड वर घ्यायचा. कोणी गाडी स्टँडवर उभी करून बांधताना दिसला की तो कळवळायचा. खड्डा आला की सगळं वजन त्या एका दांडीवर येतं, दांडी वाकते, पट्टे सैल पडतात आणि गाडी गेलीच. पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग पुढचे दोन पट्टे, हॅण्डलच्या खालून हौद्याच्या दोन कोपऱ्यांत, पुढचे शॉकअप निम्मे दबेपर्यंत. जास्त दाबले तर ऑइल सील फुटतं, कमी दाबले तर गाडी उसळते आणि हूक निसटतो. निम्मे म्हणजे किती ते तो पट्ट्याला टिचकी मारून आवाजावरून ठरवायचा. मागे दोन पट्टे, शिवाय एक पुढच्या चाकाला आणि एक मागच्या. प्रत्येक पट्ट्याचं उरलेलं टोक बकलवरून घेऊन त्याची घट्ट गाठ. आणि एवढं करून दहा मैलांवर थांबायचं, खाली उतरायचं आणि सहाच्या सहा पुन्हा तपासायचे.

"काय रे सहापट्टी," माझ्या दुकानातून कोणीतरी ओरडायचं, "एवढं तर माझ्या आजोबांना शवपेटीत पण बांधलं नव्हतं!"

"म्हणूनच अजून तुझ्या स्वप्नात येतात ते," डेल्मर म्हणायचा आणि पुढचा पट्टा घ्यायचा. त्याला राग यायचा नाही. आम्हाला तेच आवडायचं.

एक गोष्ट मात्र आमच्यातल्या सर्वांत वाह्यात माणसानेही कधी केली नाही. कोणी त्याच्या पट्ट्यांना हात लावला नाही. आमच्याकडचा नेम आहे, जो बांधतो तोच सोडतो. दुसऱ्याने बांधलेला पट्टा नुसता ओढून बघणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. ह्यावरून एकाचे पुढचे दोन दात गेलेले मी लहानपणी पाहिलेत. बांधणारा पिऊन आडवा झाला असला तरी तो शुद्धीवर येईपर्यंत गाडी हौद्यात उभी राहते आणि सगळे वाट बघतात.

डेल्मर असा का झाला हे साऱ्या गावाला पाठ होतं, कारण त्याचा बाप ते दर आठवड्याला सांगायचा. ऑर्व्हल हॅस्क्यू हा आमच्या भागातला जुना शर्यतवीर. त्याची गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, सहाशेपन्नास सीसीची, हिरव्या टाकीची. सदुसष्ट साली एका शर्यतीहून निघताना दोनातला एक पट्टा सापडेना. ऑर्व्हल जिंकला होता आणि त्याला गावात पोचायची घाई होती. त्याने सतरा वर्षांच्या डेल्मरला हौद्यात चढवलं, म्हणाला, "दुसऱ्या बाजूने तू धर," आणि कच्च्या रस्त्यावरून पिकअप हाणली. पोरगा बावीस मैल गाडी धरून उभा राहिला. मग एक कोरडा ओढा आला.

ह्यापुढचं ऑर्व्हलच्याच शब्दांत ऐका. "मागनं कडाककन आवाज आला. म्हटलं, मेलो, गेलं माझं हॅण्डल! धावत जाऊन बघतो तर हॅण्डल शाबूत, टाकीला पोचा नाही, काही नाही. नुसता ह्याचा गुडघा!" दुकानात हशा पिकायचा. मीही हसायचो. डेल्मर तिथे असला तर तोही हसायचा आणि कॉफीचे कप विसळायला उठायचा.

इस्पितळात ऑर्व्हल त्याला म्हणाला होता, "रडू नकोस. ती गाडी तुझी. मी स्वतः तुझ्या हवाली करीन. पण मी देईपर्यंत तिच्यावर बसायचं नाही." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आम्ही एका वर्गात होतो आणि मी त्याला बघायला गेलो होतो. त्याची आई खिडकीशी होती, धाकटा भाऊ रँडल पलंगाच्या पायथ्याशी बसून डेल्मरच्या वाटणीची जेली खात होता.

डेल्मर बसला नाही. एकतीस वर्षं बसला नाही. तो गावच्या पाण्याच्या पंपांवर कामाला होता. रविवारी बापाच्या शेडमध्ये जाऊन गाडीचं तेल, प्लग, साखळी, कार्बुरेटर सगळं करायचा. त्या गाडीची किक उजव्या बाजूला असते, म्हणून किक बाप मारायचा आणि डेल्मर शेजारी स्टुलावर बसून आवाज ऐकत स्क्रू फिरवायचा. आवाज जुळला की बाप गाडी बंद करून घरात जायचा, आणि डेल्मर टाकी पुसून तिच्यावर चादर घालायचा. शर्यतीत ज्यांचं हाडबीड मोडायचं त्यांच्या गाड्या तोच त्यांच्या घरी पोचवायचा, कुठे कुठे तीनशे मैलांवर, आणि एका गाडीला कधी ओरखडा आला नाही. पोस्टात काम करणारी डार्ला त्याच्याशी लग्न करायला तयार होती. तिला हे गाव सोडून समुद्राकडे जायचं होतं. तो म्हणाला, गाडी हातात आली की तिच्यावरून जाऊ, तू मागे बस. डार्लाने चार वर्षं वाट पाहिली आणि एका ट्रक ड्रायव्हरबरोबर निघून गेली. "अरे सहापट्टी," मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तिला एक तरी पट्टा लावायचा होतास!" दुकान आठवडाभर त्या एका वाक्यावर हसत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात ऑर्व्हल माझ्या दुकानात आला. वय अठ्ठ्याहत्तर, बोटं संधिवाताने वाकडी झालेली, जीभ मात्र होती तशीच. दुकानात मी एकटा होतो.

"क्लेट," तो म्हणाला, "शनिवारी रँडलच्या हॉटेलचं उद्घाटन आहे. तुला यायचंय."

रँडलने डोंगरापलीकडे, दोनशे मैलांवरच्या शहरात, मांस भाजून देणारं हॉटेल काढलं होतं.

"येतो की, काका. डेल्मर येतोय?"

"तोच तर हिरवी घेऊन येणारे. रँडल ती आत छताला टांगणार, साखळ्यांनी. लोक जेवता जेवता वर बघतील. खाली माझा फोटो, हातात शर्यतीत जिंकलेला कप घेतलेला."

मी हातातला टायर खाली ठेवला. "काका, ती डेल्मरला कबूल केली होती तुम्ही."

"त्याला सांगितलंय मी, चार लोकांसमोर तुझ्या हवाली करतो म्हणून. इतका खूश झालाय की विचारू नकोस." माझ्या भांड्यातली कॉफी त्याने स्वतःच ओतून घेतली. "खरं सांगितलं तर तो बांधेल का? आणि दुसऱ्या कोणी बांधली तर घाटातच टाकीचा चुरा होईल. एकदा पोचली की सांगू. दोन दिवस तोंड पाडून बसेल आणि मग येईल ताळ्यावर, लहानपणापासून तसाच आहे तो. तू त्याच्याबरोबर जा पिकअपमध्ये. एकटा असला की नको नको ते डोक्यात घेतो."

मी बरं म्हणालो. म्हाताऱ्याला मी लहानपणापासून घाबरत आलोय, हे एक कारण. दुसरं कारण सांगायला जड जातं, पण सांगतो. मला गंमत वाटली. सहापट्टी स्वतःच्या हाताने बांधून नेणार आणि तिथे त्याचं तोंड बघण्यासारखं होणार, ह्या विचाराने मला त्या दिवशी टायर लावताना एकट्यालाच हसू येत होतं.

शनिवारी सकाळी मी शेडवर गेलो तेव्हा डेल्मरने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पट्टे नवे कोरे आणले होते, निळे, दोन बोटं रुंद. त्याने गाडी वर चढवली. हूक जिथे जिथे घासेल तिथे तिथे मऊ फडकं गुंडाळलं. पुढचे पट्टे ताणले, टिचकी मारून ऐकलं, एक जरासा सैल केला, पुन्हा ऐकलं. पाऊण तास लागला. म्हातारा तोवर शेजाऱ्याच्या मोटारीत बसून पुढे गेलासुद्धा.

"झालं का देवा?" मी म्हटलं.

"झालं," तो म्हणाला. "आज घाई करून कसं चालेल?"

दहा मैलांवर तो थांबला, उतरला, सहाही पट्टे तपासले, परत येऊन बसला. सीट पूर्ण मागे सरकवून, ताठ पाय लांब करून तो चालवायचा. चाळीस मैलांवर म्हणाला, "क्लेट, तुला एक सांगू? हसायचं नाही."

"बोल."

"मी किक मारायला शिकलोय. डाव्या पायाने. गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहायचं, हॅण्डल धरायचं, आणि डावा पाय दांडीवर टाकून सगळं अंग सोडून द्यायचं. पंपाच्या आवारात एक भंगार गाडी आहे, तिच्यावर सहा महिने करतोय. दहात सहा वेळा लागते."

"आणि उरलेल्या चार वेळा?"

"नडगी सोलते." त्याने पँट वर करून दाखवली. नडगीवर काळे-निळे डाग होते. "बाबांनी हवाली केली ना, की तिथेच सगळ्यांसमोर चालू करतो. येताना तू पिकअप आण. मी हिच्यावरून येईन. निदान घाटापर्यंत तरी."

मी आणलेलं सँडविच काढलं आणि अर्धं त्याला दिलं. तो नको म्हणाला, शर्टवर सांडेल.

दोनशे मैल म्हणजे त्याच्या वेगाने पाच तास. पाच तासांत मी पावसावर बोललो, टायरच्या नव्या मालावर बोललो, माझ्या मेव्हण्याच्या पाठदुखीवर बोललो. घाट चढून झाल्यावर त्याने एकदम विचारलं, "देतील ना रे ते?"

खरं सांगायचं असतं तर ती शेवटची जागा होती. तिथून पिकअप मागे फिरवायला रस्ता रुंद होता. मी म्हटलं, "नाही तर एवढ्या लांब कशाला आणायला सांगतील?"

"हो ना," डेल्मर म्हणाला. "मीही तेच म्हणतोय मनाला." आणि त्याने रेडिओ लावला.

हॉटेलसमोर तीस-चाळीस माणसं होती, निम्मी आमच्या गावची. बाहेर लोखंडी जाळीवर मांसाचे मोठे तुकडे भाजत होते आणि धुराने डोळे चुरचुरत होते. रँडल एप्रन बांधून धावत आला. "आली रे आली!" म्हणत त्याने डेल्मरच्या पाठीवर थाप मारली. डेल्मरने हौद्याचा मागचा फाळका उघडला, फळी लावली, साखळी अडकवली. मग पट्ट्यांना हात घालायच्या आधी त्याने सहज हॉटेलच्या उघड्या दारातून आत पाहिलं. छताच्या तुळईवरून चार नव्या साखळ्या खाली सोडल्या होत्या. ज्या माणसाचं सगळं आयुष्य गाड्या बांधण्यात गेलं त्याला साखळ्यांमधल्या अंतरावरून काय ते कळतं.

"ह्या कशाला?" त्याने रँडलला विचारलं.

रँडलचं हसू अर्धवट राहिलं. "बाबा बोलले नाहीत तुला?"

म्हातारा खुर्चीतून उठून आला. जाळीवर चरबी चरचरत होती.

"बाबा," डेल्मर म्हणाला, "तुम्ही आज ही मला देणार होतात."

"तू काय करणार रे तिचं? तुला किकसुद्धा मारता येत नाही."

"येते. मी शिकलोय."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. डेल्मरने त्या बाजूला बघितलं नाही. तो म्हणाला, "इस्पितळात तुम्ही शब्द दिला होता."

"पोरगा होतास तू, रडत होतास," ऑर्व्हल म्हणाला. "रडणाऱ्या पोराला माणूस काहीही सांगतो. ते तू एकतीस वर्षं धरून बसलास त्याला मी काय करू? चल, सोड आता. लोकांना भूक लागलीय."

डेल्मरचा चेहरा पांढरा पडला. बघण्यासारखं तोंड होईल असं मला वाटलं होतं. मला ते बघवेना. तो गाडीकडे बघत अगदी हळू म्हणाला, "पट्टे माझे आहेत. मी सोडत नाही."

रँडलचे दोन आचारी शहरातले होते, त्यांना काय माहीत. ते मदतीला पुढे झाले. आमच्या गावच्या चार जणांनी त्यांचे दंड धरून त्यांना मागे ओढलं. "हात लावू नका," ते म्हणाले. "त्याने बांधलीय." रँडल स्वतःही जागचा हलला नाही, दोन्ही हात एप्रनमध्ये घालून उभा राहिला. त्या वेळी तिथल्या एकाही माणसात ती गाडी खाली घेण्याची धमक नव्हती. डेल्मरला ते दिसलं. तो लंगडत पुढे गेला आणि त्याने पिकअपच्या दाराला हात घातला. तो घरी घेऊन निघाला होता तिला.

पण म्हातारा तोवर फळीवरून वर चढला होता. धापा टाकत तो हौद्यात गाडीशेजारी उभा राहिला आणि त्याने एका हाताने तिचं सीट धरलं.

"हं, चालव," तो वरून ओरडला. "मी इथे उभा आहे. चालव की!"

जगातला दुसरा कोणीही चालवू शकला असता. डेल्मर हौद्यात माणूस उभा असताना पिकअप एक फूटही हलवणार नाही हे त्या बापाला चांगलं माहीत होतं, आणि का हलवणार नाही हेही माहीत होतं. ते माहीत असूनच तो वर चढला होता. मी ऑर्व्हलला कशाकशासाठी माफ केलंय, ह्यासाठी नाही.

डेल्मरने दार सोडलं.

म्हाताऱ्याने पहिल्या गाठीला बोटं लावली. वाकड्या बोटांनी गाठ सुटेना. त्याने शिवी दिली, खिशातून चाकू काढला आणि पट्ट्यावर चालवायला लागला. "ऑर्व्हल, नको," कोणीतरी म्हातारं माणूस म्हणालं. चाकू बोथट होता, पट्टा नवा होता. धागा-धागा उसवायचा, पण तुटत नव्हता.

"पट्टे चांगले आणलेस," म्हातारा डेल्मरला म्हणाला. मग त्याने मान वर करून गर्दीत बघितलं. "क्लेट! तुझा दे."

माझ्याकडे दुकानातला वाकड्या पात्याचा चाकू असतो, टायरची कड कापायचा. तो कमरेला होता हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. डेल्मरही बघत होता. तो नको म्हणाला असता तर मी दिला नसता, असं मी पुढे कित्येकदा स्वतःला सांगितलंय. मी पुढे झालो आणि चाकू दिला, पातं माझ्याकडे आणि मूठ त्याच्याकडे करून, व्यवस्थित.

"बाबा," डेल्मर म्हणाला, "आधी मागचे कापा. पुढचा आधी कापलात तर शॉकअप उसळतील आणि गाडी ओढली जाईल."

"मला शिकवतोस?" म्हातारा म्हणाला आणि त्याने पुढचा डावा कापला.

पट्टा फटकन तुटला, हॅण्डल उजवीकडे हिसकलं, सगळी गाडी थरथरली. पण उरलेल्या पाचांनी धरली. डेल्मर फळीवरून वर गेला, बापाच्या समोर दुसऱ्या बाजूला उभा राहिला आणि त्याने दोन्ही हातांनी हॅण्डल पकडलं. म्हाताऱ्याने दुसरा कापला. मग वाकून, पिकअपची कड धरत, कण्हत मागे गेला आणि तिसरा, चौथा कापला. चाकांचे दोन कापायला त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं. तोपर्यंत गाडीचं सगळं वजन डेल्मरच्या हातांत आलं होतं आणि त्याचा ताठ पाय खाली घसरत होता, तो पुन्हा पुन्हा रोवायचा. प्रत्येक पट्ट्याला मिनिटभर लागलं. आमच्यासारखे दोन पट्टे लावले असते तर त्याच्यासाठी ते लवकर संपलं असतं.

शेवटचा तुटल्यावर गाडी खाली घ्यायला कोणीच पुढे आलं नाही. शेवटी डेल्मरनेच ती मागे सरकवत, पुढचा ब्रेक दाबत-सोडत, बोटबोट अंतराने फळीवरून खाली आणली. ओरखडा नाही. त्याने हॅण्डल रँडलच्या हातात दिलं.

"टाकी भरलेली आहे," तो म्हणाला. "टांगायच्या आधी रिकामी कर, नाही तर पेट्रोल लोकांच्या ताटात गळेल. आणि साखळ्या चौकटीला लाव. हॅण्डलला लावू नकोस, वाकेल."

"हो," रँडल म्हणाला. त्याला भावाकडे बघता येत नव्हतं.

डेल्मरने फळी सोडून हौद्यात टाकली. कापलेल्या निळ्या पट्ट्यांचे तुकडे तिथे पडले होते, ते त्याने तसेच राहू दिले आणि फाळका लावला. पांढऱ्या शर्टवर पोटाशी ग्रीसचा आडवा पट्टा उमटला होता. तो पिकअपमध्ये बसला, माझ्या बाजूचं दार त्याने आतून उघडलं आणि विचारलं, "येतोस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. पाच तासांचा रस्ता होता, शेजारी कोणीतरी असावं एवढंच त्याला हवं होतं. त्या पाच तासांत तो मला विचारणार होता की तुला आधीपासून माहीत होतं का, आणि मला उत्तर द्यावं लागणार होतं.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी जेवून येतो."

त्याने मान हलवली, हात लांब करून दार ओढून घेतलं आणि पिकअप रस्त्याला लागली. म्हाताऱ्याने माझा चाकू पँटला पुसला, मिटला आणि माझ्या हातात ठेवला. मी त्याला थँक्यू म्हटलं. मग आम्ही सगळे आत गेलो. मांस चांगलं भाजलं होतं, बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ. मी दोनदा वाढून घेतलं.